मदत हवी आहे: आमदारांचं पर्यावरण प्रगतिपुस्तक करायचंय, पण मतंच सापडत नाहीत

कातळसडा
नमस्कार मंडळी. २०२९ च्या विधानसभा निवडणुकीआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराने पर्यावरणासाठी सभागृहात काय केलं, याचा तक्ता लोकांपुढे ठेवायचा आहे. अमेरिकेत काही संस्था कुठल्या विधेयकावर कोणी कसं मत दिलं ते मोजून शंभरपैकी गुण देतात. त्याच धर्तीवर सुरुवात केली, पण विधानमंडळाच्या कार्यवाहीत 'प्रस्ताव मतास टाकण्यात येऊन संमत झाला' यापलीकडे काही नसतं. मग मोजायचं काय? कोणते कायदे धरायचे? आणि हे छापून वाटलं तर आचारसंहितेत अडकू का?

तारांकित
मतं सोडून द्या. आपल्याकडे विधेयकं आवाजी मतदानाने पार पडतात. कोणी पोल (नावनिशीवार मतविभागणी) मागितला तरच नावं नोंदली जातात. तशी नोंद मिळालीच, तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हिप (पक्षादेश) मोडला की आमदारकीवर गदा येऊ शकते. त्यामुळे मतावरून पक्ष कळतो, माणूस कळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पर्यावरणाचे बरेच निर्णय मतदानाला येतच नाहीत. महाराष्ट्रातली प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली, ती २००६ च्या विघटनशील व अविघटनशील कचरा अधिनियमाखाली. नद्यांकाठी कोणते उद्योग किती अंतरावर असावेत हे ठरवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्द झालं, तेही मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. मतं मोजत बसलात तर हे दोन्ही निर्णय तुमच्या तक्त्यातून गळतील.

मोजायचे ते प्रश्न. तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नोत्तरांच्या याद्या, नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या), नियम २९३ च्या चर्चेतली भाषणं आणि अशासकीय (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेली) विधेयकं. याद्या विधानमंडळाच्या संकेतस्थळावर अधिवेशनवार मिळतात. पण काही पीडीएफ स्कॅन केलेल्या, काही जुन्या फाँटमधल्या असतात. 'प्रदूषण' टाकून शोधलंत आणि काही आलं नाही, म्हणजे प्रश्न नव्हता असं समजू नका. पानं उलटावीच लागतात.

प्रश्न वाचताना शेवटच्या भागाकडे लक्ष द्या. साचा ठरलेला असतो: '(१) अमुक नदीत रसायनमिश्रित सांडपाणी सोडले जात आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' बातमी कापून या साच्यात बसवली की प्रश्न तयार. उत्तरही साच्यातलंच: 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. ज्याला खरंच काही हवंय तो कारखान्यांची संख्या, नमुना तपासणीच्या तारखा, बजावलेल्या नोटिसा असं नेमकं विचारतो, आणि 'प्रश्न उद्भवत नाही' आलं की पुढच्या अधिवेशनात परत येतो. हा पाठपुरावा हाच तुमचा मुख्य रकाना. बाकी सगळं दुय्यम.

उपविधी
तारांकित यांच्याशी सहमत. कायद्यांच्या निवडीबद्दल थोडं.

आधी अधिकार कोणाचा ते पाहा. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, १९८१ चा वायुप्रदूषण कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम) हे सगळं केंद्राचं. वनं आणि वन्यप्राणी १९७६ च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो त्या विषयांत) गेले. 'सीआरझेड कायदा का बदलला नाही' म्हणून आमदाराचे गुण कापलेत तर तुमचा तक्ता पहिल्याच सभेत कोणीतरी फाडेल. अंमलबजावणीबद्दल मात्र जरूर विचारा, प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचंच आहे.

राज्याच्या हातातलं: झाडं, भूजल, कचरा, गौण खनिजं, विकास आराखडे. यात भूजल आवर्जून घ्या. अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून, आणि नियमांचा मसुदा २०१८ मध्ये. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई असं कायद्यात आहे, पण नियम आणि यंत्रणा नसेल तर बोअरवेलच्या गाडीला अडवणार कोण? कायदा झाला की टाळ्या वाजतात, नियमांना उशीर झाला की कोणी विचारत नाही. त्या उशिराबद्दल ज्याने विचारलं, त्याला गुण द्या.

झाडांबाबत एक गल्लत नेहमी होते. १९७५ चा कायदा नागरी क्षेत्रांपुरता. ५० वर्षं किंवा अधिक वयाच्या झाडांना हेरिटेज वृक्ष ठरवणारी २०२१ ची दुरुस्ती त्याच कायद्यातली. ग्रामीण मतदारसंघाला १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो.

कातळसडा
दोघांचेही आभार, दिशाच बदलली. पण एकेका प्रश्नावर पंधरा-वीस आमदारांची नावं दिसतात. सगळ्यांना सारखे गुण द्यायचे? आणि मंत्र्यांचं काय?

तारांकित
सारखे मुळीच नाही, नाहीतर सह्या करणारे पहिले येतील. पहिल्या नावाला १ गुण, बाकीच्यांना ०.२ असं काहीतरी धरा. मात्र ज्याने कार्यवाहीत उठून उपप्रश्न विचारला, त्याचं नाव यादीत विसावं असलं तरी त्याला पूर्ण गुण. लक्षवेधीतही मान्य होणं वेगळं, सभागृहात पुकारली जाणं वेगळं. पुकारली नाही यात आमदाराचा दोष नसतो.

मंत्री आणि अध्यक्ष प्रश्न विचारत नाहीत, त्यांना शून्य देणं चूक. मंत्र्यांसाठी वेगळं पान: सभागृहात दिलेली आश्वासनं आणि त्यांचं पुढे काय झालं. आश्वासन समितीचे अहवाल त्यासाठीच असतात.

आणि उलटे गुणही ठेवा. 'वाळू उपशावरील निर्बंध शिथिल करणार काय' हाही पर्यावरणाचाच प्रश्न मोजला जाईल, जर तुम्ही नुसते विषय मोजलेत तर.

भरारी_पथक
छपाईबद्दल. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क: उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात जाणाऱ्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाने सही केलेलं, ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आमचं नुसतं माहितीपत्रक आहे' हा बचाव ऐनवेळी पटवून देत बसण्यापेक्षा नाव-पत्ता छापून मोकळे व्हा.

दुसरं, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे. परवानगी घेतलीत तर खर्च त्याच्या हिशेबात धरला जातो. म्हणून फोटो नको, चिन्ह नको, 'यांनाच मत द्या' नको. सगळ्यांना तेच रकाने, तोच फाँट. शक्यतो आचारसंहिता लागायच्या आधी प्रसिद्ध करा आणि त्याआधी प्रत्येक आमदाराला त्याची ओळ पाठवून १५ दिवसांत लेखी खुलासा मागवा. आलेला खुलासा जसाच्या तसा छापा. निम्म्या तक्रारी तिथेच विरतात.

नव्या उमेदवारांना प्रश्नांची यादी नसते. त्यांचं उमेदवारी अर्जासोबतचं फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं दिसतात. खाणपट्टा किंवा क्रशर असणं गुन्हा नाही, तेव्हा शेरा न मारता नोंद तेवढी करा.

कातळसडा
नमुन्याची ओळ टाकतो, आमदार कल्पित आहे:
'आमदार अ (ग्रामीण). भूजल नियमांवर तारांकित १, पहिलं नाव: १. नदी प्रदूषण, सहावं नाव: ०.२. हेरिटेज वृक्षांवर मौन: उणे १. एकूण ०.२.'

उपविधी
तिसरी नोंद काढा. मतदारसंघ ग्रामीण, कायदा नागरी. शिवाय मौनाला उणे गुण देऊ नका, रिकामा रकाना पुरेसा बोलका असतो. बेरीज १.२ येते. आणि प्रत्येक नोंदीपुढे अधिवेशन, यादी क्रमांक, प्रश्न क्रमांक लिहा. तेवढं नसेल तर खुलाशाच्या पत्रात पहिला सवाल तोच येईल.