इजिप्तच्या मंदिरांवरून नक्षी : आठवीच्या चित्रकलेच्या वर्गासाठी सल्ला हवा

खडूफळा
नमस्कार मंडळी. आठवीच्या वर्गाला इजिप्तच्या वास्तुकलेवरून संकल्पचित्र द्यायचंय. विषय सांगितला की सगळ्या कागदांवर पिरॅमिड, उंट आणि मावळता सूर्य! नक्षी कुठेच नाही. पुढे ग्रेड परीक्षेलाही उपयोगी पडेल असं काही सुचवा. जोडून दोन तास मिळतात, रंग पोस्टर कलर. सुरुवात कुठून करू?

रेघोटी
पिरॅमिड सोडा, मंदिरात शिरा. इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरातल्या मोठ्या मंडपात १३४ खांब आहेत. मधले १२ जवळजवळ २१ मीटर उंच, त्यांच्या माथ्यावर पपायरसचं (पाणथळ जागी वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या झाडाचं) उमललेलं फूल, उलट्या घंटेसारखं. बाजूच्या १२२ खांबांवर त्याच पपायरसची मिटलेली कळी. फूल, कळी, फूल, कळी अशी ओळ लावली की किनार तयार. मधल्या जागेत निळ्यावर पिवळ्या, पाच टोकांच्या चांदण्या भरा. तिकडच्या थडग्यांची आणि मंदिरांची छतं अशीच रंगवलेली असतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती भिंतीच्या माथ्यावरची बाहेर वळलेली कड. आधी तिथे कुडाच्या भिंती होत्या, वर झावळ्यांचे शेंडे झुकलेले. पुढे दगड आला तरी आकार तोच राहिला. कडेखालच्या गोल पट्टीवर तर दोरी गुंडाळल्याच्या खुणाही रंगवत. मुलांना हे सांगाच, मग कडेवरच्या, झावळ्यांच्या त्या उभ्या रेघा ती जीव लावून काढतात.

खडूफळा
फारच छान! पण नक्षी बसवायला कागदावर चौकटी पट्टीने आखू की हाताने?

सूतओळंबा
दोन्ही नको, सूत मारा. माझे वडील सुतार. दोरी गेरूत भिजवायची, फळीवर दोन्हीकडून ताणून धरायची, मधे चिमटीने उचलून सोडायची. टप्प! सरळ तांबडी रेघ. इजिप्तचे चित्रकारही तांबड्या मातीच्या रंगात दोरी बुडवून भिंतीवर अशाच चौकटी आखत. अर्धवट राहिलेल्या थडग्यांत त्या अजून दिसतात. चित्रातल्या उभ्या माणसाला तळव्यापासून केसांच्या कडेपर्यंत १८ घरं, हा त्यांचा बराच काळ चाललेला नियम. मी गेल्या वर्षी वर्गात करून पाहिलं. पहिल्यांदा गेरू पातळ झाला आणि कागदभर शिंतोडे उडाले. दह्याइतका दाट ठेवा.

रेघोटी
वा! आणखी एक, चित्रलिपीची चिन्हं नक्षी म्हणून कुठेही पेरू देऊ नका. ती अक्षरं आहेत. आपल्या लिपीतली अक्षरं कुणी अशी उलटीसुलटी छापली तर आपल्याला कसं वाटेल? रंग सपाट भरायला सांगा, छटा नकोत. लाल, निळा, हिरवा, पिवळा, काळा, पांढरा एवढे पुरतात.

खडूफळा
ठरलं. पहिल्या तासाला सूत आणि चौकटी, दुसऱ्याला फूल-कळी. शनिवारी गेरू आणि सुतळी घेऊन जातो.

सूतओळंबा
सुतळी नको, तिचे तंतू सुटतात आणि रेघ जाड येते. पिळाचा सुती दोरा घ्या.