आहार मोजायचा कसा? काट्यावर की आठवणीवर?

रानमेवा:
आहार सर्वेक्षणासाठी पाच महिने घरोघरी फिरले. "काल सकाळपासून काय काय खाल्लं?" असं विचारायचं आणि लिहून घ्यायचं. माझं मत आता पक्कं झालंय: नुसतं विचारून आहार मोजता येत नाही, वजनकाटा हवाच.

एका ताई म्हणाल्या, दोन भाकरी. शेजारच्या घरीही दोनच. दोन्हीकडची भाकरी काट्यावर ठेवली, तर एक ११० ग्रॅम, दुसरी १९०. कागदावर मात्र दोघींचं जेवण सारखं! चहा तर खाण्यात कुणी धरतच नाही. साखरेच्या चहाचे चार कप असेच सुटतात.

अमेरिकेत मेरीलँडला १९९९-२००० मध्ये ४८४ जणांवर 'ओपन' अभ्यास झाला. दुहेरी खूण केलेलं पाणी पाजायचं आणि त्यातला जड हायड्रोजन नि जड ऑक्सिजन लघवीवाटे किती वेगाने कमी होतात ते पाहायचं. दोन्ही वेगांच्या फरकावरून शरीराने खर्च केलेली ऊर्जा कळते; वजन स्थिर असेल तर खाल्लेलीही साधारण तेवढीच. तिच्याशी ताडून पाहिलं, तर पुरुषांनी चोवीस तासांच्या आठवणीत ऊर्जा १२ ते १४ टक्के कमी सांगितली होती, 'हा पदार्थ किती वेळा खाता' या प्रश्नावलीत ३१ ते ३६ टक्के कमी. बायकांच्या बाबतीत तूट आणखी मोठी.

कोरडवाहू:
साफ असहमत. काटा घरात आला की स्वयंपाकच बदलतो. मीही हे काम केलंय. आम्ही येणार म्हणून त्या दिवशी भरली वांगी, वर तूप. सगळ्यांची ताटं मोजून आम्ही दोनला उठलो आणि घरातली बाई जेवली त्यानंतर, पातेल्याला उरलं होतं तेवढ्यावर. जिचा आहार मोजायचा होता तीच राहिली.

आणि एका दिवसाचं वजन घेऊन करायचं काय? सोमवारी उपास, बाजारच्या दिवशी मटण. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा मोठा अभ्यास झाला. तिथे बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी आईने घेतलेल्या ऊर्जेचा नि प्रथिनांचा संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाज्या, फळं नि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. तुम्ही जिला नावं ठेवताय, त्याच 'किती वेळा'वाल्या प्रश्नावलीने हे दाखवलं!

रानमेवा:
कोण जास्त खातं नि कोण कमी, हे 'किती वेळा'वरून कळतं, मान्य. पण शासनाला ठरवायचंय की रेशनवर डाळ किती द्यावी. तिथे ग्रॅमच लागतात. आणि आमटीतलं तेल? ते आठवत नाही, ताटात दिसत नाही, मोबाइलवर ताटाचा फोटो काढला तरी कळत नाही. फोडणीआधी नि फोडणीनंतर तेलाची बाटली मोजली तरच हाती लागतं.

माजघर:
मग महिन्याचा किराणाच का विचारत नाही? राष्ट्रीय नमुना पाहणीत असंच विचारतात.

कोरडवाहू:
किराण्यावरून घराचं कळतं, माणसाचं नाही. दहा किलो तांदूळ आला, त्यातला सासऱ्याच्या पानात किती नि सुनेच्या किती?

लिंबूपाणी:
मिठाच्या बाबतीत तर तुम्हा दोघांचंही चालत नाही. लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ... कोण सांगणार नि कोण मोजणार? चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम तपासणं हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

रानमेवा:
मिठापुरतं पटलं. पण मिठाला लघवीतलं सोडियम चालतं, मग भाकरीला काटा का नको? बाई शेवटी जेवते, तर ती जेवेपर्यंत आपण थांबायचं. दोनला उठायचंच नाही.

कोरडवाहू:
थांबून पाहिलंय. आम्ही अंगणात बसलेलो असेपर्यंत ती जेवायला बसलीच नाही. दुसऱ्या दिवशी काटा न घेता गेलो, चुलीजवळ बसलो, तिच्याच घरातला डाव हातात घेऊन विचारलं, "काल असे किती वाढून घेतले?" बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "अर्धा. आमटी संपली होती."