अप्रेंटिसला पीसवर (केलेल्या नगांप्रमाणे) पैसे देता येतात का? (टर्नर, वाळूज)

टर्नर_पैठण
नमस्कार. टर्नरचा (लेथकामाचा) आयटीआय करून वाळूज एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये वर्षाची अप्रेंटिसशिप करतोय. सातवा महिना चालू आहे. करारावर विद्यावेतन ७००० आहे. त्यातले १५०० सरकारकडून थेट माझ्या खात्यात येतात, उरलेले ५५०० कंपनीने द्यायचे. ते एकदाही पूर्ण मिळाले नाहीत. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) शिफ्टला ३०० जॉब, म्हणजे नग, ठरवून दिलेत, कमी भरले की त्या दिवसाचे पैसे कापतात. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटला की त्याचेही. गेल्या महिन्यात कंपनीकडून ४१५० आले. रांजणगाव शेणपुंजीत चौघं एका खोलीत राहतो, माझ्या वाट्याचं भाडं १३०० आणि मेसचे २८००.

आठ तास झाले की कार्ड पंच करायला लावतात आणि परत मशीनवर उभं करतात, कधी तीन तास, कधी चार. दोन आठवड्यांपूर्वी चक (जॉब पकडणारा भाग) साफ करताना चिपने, म्हणजे धातूच्या कापट्याने, डावा तळहात कापला. चार टाके. दवाखान्याचे १९०० मीच भरले. सुपरवायझर म्हणाला, "तू कामगार नाहीस, शिकाऊ आहेस. तुला कायदा लागू नाही." हे खरं आहे का? घरी सांगितलं नाही. वडील म्हणतील सोडून ये. मला सोडायचं नाही, सर्टिफिकेट हवंय.

निवृत्त_निदेशक
बाळा, आधी हाताचं सांग. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना?

सुपरवायझर अर्धं खरं बोलला. मी २८ वर्षं टर्नर शिकवला आणि दर वर्षी कुणी ना कुणी पोरगा हेच वाक्य ऐकून माझ्याकडे यायचा. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१, कलम १८: अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. इथपर्यंत त्याचं बरोबर. पण तुझ्यासाठी जे लिहिलंय ते त्याच कायद्यात, त्याच्या आधीच्या कलमांत आहे.

कलम १३ वाच. अप्रेंटिसला पीसवर पैसे द्यायचे नाहीत आणि उत्पादनावरच्या बोनस-इन्सेंटिव्हमध्येही त्याला भाग घ्यायला लावायचं नाही, असं सरळ लिहिलंय. माझ्या मते अख्ख्या कायद्यातलं हे सगळ्यात शहाणं कलम. तू ३०० च्या मागे धावलास तर ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) कधी द्यायचा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कुठे कमी करायचा, जॉब टेपर (निमुळता) का येतोय, हे शिकणार कधी? जॉब लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच वर्षभर करशील आणि बाहेर पडल्यावर साधा ड्रॉइंग वाचता येणार नाही. आणि शिकणाऱ्याच्या हातून टूल तुटणारच. माझ्या शॉपमध्येही तुटायचे, मी कुणाकडून भरून घेतले नाहीत.

७००० हा आयटीआय झालेल्या मुलासाठी २०१९ च्या नियमांतला पहिल्या वर्षाचा किमान आकडा आहे. त्याच्या खाली जाता येत नाही, आणि पैसे पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत द्यायचे असतात. ओव्हरटाइम कलम १५ मध्ये: शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय करून घेता येत नाही, तू स्वतः तयार असलास तरी. प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, कलम १६. दवाखान्याचं बिल फेकू नकोस.

तुझा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे, त्याची प्रिंट काढ. संभाजीनगरच्या शासकीय आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण केंद्र आहे, सगळे त्याला बीटीआरआय म्हणतात. तिथे सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या नावाने लेखी अर्ज दे. करारावरून झालेला वाद सल्लागाराने सोडवायचा, हे कलम २० सांगतं. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. आणि कामावर जाणं एक दिवसही बंद करू नकोस, नाहीतर उलट तूच करार मोडलास म्हणतील.

वेल्डर_सातपूर
दादा, सर सांगतात तसंच कर. एक माझ्याकडून. आजपासून वहीत रोज लिही: आत किती वाजता गेलास, पंच कधी केलंस, मशीन खरंच कधी सोडलंस, कोणता जॉब. माझ्या वेळी कार्डावर आठच तास दिसायचे, पण रोज त्याच दिवशी लिहिलेली वही समोर ठेवल्यावर साहेबांना बोलता येईना. आणि "तक्रार केलीस तर पर्मनंट करणार नाही" असं कुणी म्हटलं तर दबू नकोस. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं मालकावर कायद्याने बंधन नाही, गप्प बसलेल्यालाही नाही. मी गप्प बसले नाही म्हणून काही बिघडलं नाही.

टर्नर_पैठण
सर, इंजेक्शन घेतलंय. टाके काढले, मूठ नीट वळते. सोमवारी अर्ज दिला, पोच मिळाली. मॅडमनी पासबुक आणि बिलाची झेरॉक्स ठेवून घेतली, कंपनीला पत्र काढतो म्हणाल्या. पैसे अजून आले नाहीत. पण बुधवारपासून आठ तास झाले की सोडतात. काल वडिलांनाही सांगितलं, ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले वही मला वाचून दाखव.

आमच्यातल्या दोन वेल्डरांचेही असेच पैसे कापलेत. तिघांचा मिळून एकच अर्ज द्यावा का?

निवृत्त_निदेशक
नाही. प्रत्येकाचा करार वेगळा, म्हणून अर्जही वेगळा. पण जाताना तिघं मिळून जा.