उपासाने पेशींची स्मृती वाढते म्हणे!

पेशीपुराण: कालपासून एक पोस्ट फिरतेय: ‘१६ तास उपाशी राहा, टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) चरबीवर चालतात आणि आजार जन्मभर लक्षात ठेवतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही तेच होतं.’ आधार २००९चा प्रयोग, तोही उंदरांवरचा. ट्राफ-६ प्रथिन नसलेल्या टी-पेशी संसर्गाशी लढल्या, पण तो आजार लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे उरल्या नाहीत; मेटफॉर्मिन दिल्यावर उरल्या. काम उत्तमच. पण म्हणून धडधाकट माणसाने गोळ्या सुरू करायच्या? लढताना पेशी भराभर ग्लुकोज फोडतात, स्मृतिपेशी मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर, भिस्त ठेवतात, इथवर ठीक. ‘चरबीच हवी’ हे मात्र बरंचसं चरबी जाळणं रोखणाऱ्या एटोमॉक्सिर औषधाच्या जोरावर ठरलं होतं. २०१८ मध्ये टी-पेशींतून चरबी जाळायला लागणारं सीपीटी-१ए जनुकच काढलं, तरी स्मृती तयार झाली! जास्त मात्रेत ते औषध भलतीकडेच घाव घालत होतं.

वारकरी_मुलगी: आई वर्षानुवर्षं एकादश्या करते, तिला साधा ताप येत नाही. आणि २०१९ मध्ये कमी खाणाऱ्या उंदरांच्या स्मृतिपेशी अस्थिमज्जेत जाऊन टिकल्या, ते का नाही लिहिलंत?

पेशीपुराण: त्याच वर्षी उपाशी उंदरांच्या आतड्यातल्या कितीतरी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) मेल्याचंही छापून आलंय. तेही वाचा.

साखरवाला: मुळात एकादशीला उपाशी राहतं कोण? साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस. मागच्या एकादशीला दोन तासांनी बोट टोचलं, साखर २६८! कसली चरबी जळतेय?

वारकरी_मुलगी: आमच्याकडे साबुदाणा नसतो, भगर असते.

साखरवाला: भगरीनेही चढते, ताई. वाटीभर खाऊन मोजा.

कोकणी_काका: रताळं उकडून खा, विषय संपला.

साखरवाला: काय संपला? असल्याच पोस्टी वाचून माझ्या भावाने मधुमेहाच्या गोळ्या सोडून उपास धरले. पायाची जखम तीन महिने भरेना. मला राग येतो तो याचा.

वारकरी_मुलगी: गोळ्या सोडा असं मी कुठे म्हटलं? आईच्या श्रद्धेवर घसरू नका.

वॉर्डातली_सिस्टर: भांडा खुशाल, पण झारखंडात टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यातला टीबी ३९ टक्क्यांनी घटला. आमच्या वॉर्डात येणारे आधीच अर्धपोटी असतात. त्यांना कोणी ही पोस्ट पाठवू नका.

वारकरी_मुलगी: बरं, अर्धपोटी माणसाला उपास सांगू नये, एवढं मान्य. एकादशी मात्र आम्ही करणारच.

साखरवाला: करा. आईंची साखर तेवढी तपासून घ्या.