इथिओपियाच्या रेकॉर्ड्स राहिल्या की!

जुन्या आफ्रिकन गाण्यांच्या रेकॉर्ड्स जमवण्याचा विषय निघाला की नायजेरिया-घानाबद्दल भरभरून लिहिलं जातं, त्यात इथिओपियाची भर घालतो. १९६९ साली आदिस अबाबात अम्हा एशेते या तरुणाने रेकॉर्ड्स काढण्यावरची सरकारी मक्तेदारी धुडकावून 'अम्हा रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. तिच्या पहिल्या तबकड्या चक्क भारतात छापल्या होत्या! संगीतकार मुलातू अस्तात्के, गायक महमूद अहमद ही सगळी इथिओपियन संगीताच्या त्याच बहराची मंडळी. १९७४ नंतर दर्गची, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या गटाची, राजवट आली, रात्रीची संचारबंदी लागली आणि तो बहर ओसरला. म्हणून मूळ ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे फिरणाऱ्या छोट्या तबकड्यांच्या) प्रती दुर्मीळ आहेत. मिळालीच तर तिरप्या उजेडात धरून बघा. ओरखडे नसले तरी खाचा करड्या दिसत असतील तर जड सुईने झिजलेली आहे, जास्त पैसे मोजू नका. नुसतं ऐकायचं असेल तर १९९७ पासून निघालेली 'एथिओपीक' ही जुन्या गाण्यांच्या सीडींची मालिका उत्तम.