बीटवर आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी रीपर

एफएल स्टुडिओ या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या फ्रूटी आवृत्तीत आपल्या बीट (गाण्यामागे वाजणारे तालसंगीत) तयार आहेत आणि आता त्यांवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा आहे, पण त्या आवृत्तीत आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय नाही. त्यासाठी प्रोड्यूसर आवृत्ती घ्यावी लागते. किंवा आवाजासाठी ध्वनिमुद्रणाचे वेगळे सॉफ्टवेअर वापरता येते. त्यांपैकी ऑडॅसिटी मोफत आहे, तरी माझा कौल रीपरला आहे, कारण त्यात एकाच ओळीचे अनेक टेक (पुन्हा पुन्हा गाऊन केलेली ध्वनिमुद्रणे) एकाखाली एक ठेवून त्यांतले उत्तम तुकडे जोडता येतात आणि ६० दिवस ते विनामूल्य पारखून पाहता येते. बीट वेव्ह फाइल म्हणून काढून रीपरमध्ये आणावी. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, की गाणारा नकळत तालामागे रेंगाळतो (नवख्यांना यात आपलाच दोष वाटतो, याचे मला फार वाईट वाटते); म्हणून ध्वनिमुद्रणापुरता बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या १२८ नमुन्यांवर ठेवावा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) त्याचा उशीर जेमतेम ३ मिलिसेकंद होतो.