कार्याधारित भाषाशिक्षणात डिजिटल साधन कोणत्या टप्प्यावर आणावे?

प्रश्न – भाषाशिक्षक
मी प्रौढ विद्यार्थ्यांना दुसरी भाषा शिकवतो आणि वर्गाची आखणी कार्याधारित पद्धतीने, म्हणजे शिकायची भाषा (लक्ष्यभाषा) वापरून एखादे प्रत्यक्ष काम पूर्ण करायला देऊन, करतो. सामायिक दस्तऐवज, लेखी चॅट, ध्वनिमुद्रण आणि प्रश्नमंजूषेची ॲप्स या साऱ्यांचा वापर होतो. विद्यार्थी गुंतलेले दिसतात, परंतु लक्ष्यभाषेत प्रत्यक्ष देवाणघेवाण फार थोडी होते. सहलीचा आराखडा मिळून तयार करायला सांगितले, की सामायिक दस्तऐवजात एक जण लिहितो आणि बाकीचे वाचत राहतात. दोष साधनाचा आहे की कार्याच्या रचनेचा? आणि साधन कोणत्या टप्प्यावर आणावे?

उत्तर – पाठ्यक्रम
माझ्या मते दोष रचनेचा आहे. अर्थाला प्राधान्य, भरून काढावी लागेल अशी माहितीची किंवा मतांची तफावत, विद्यार्थ्याने स्वतःजवळच्या भाषेवर काम निभावणे आणि भाषेपलीकडचे एखादे स्पष्ट फलित, इतके असेल तरच त्याला कार्य म्हणता येते. या कसोटीवर प्रश्नमंजूषेची बहुतेक ॲप्स स्वाध्याय ठरतात. त्यांचा उपयोग आहे, पण तो वेगळा.

भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतात 1979 ते 1984 या काळात राबवलेल्या बंगलोर प्रकल्पात माहितीची तफावत (एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसणे), तर्काची तफावत (दिलेल्या माहितीवरून नवा निष्कर्ष काढावा लागणे) आणि मतांची तफावत असे कार्यांचे तीन प्रकार मांडले गेले. आपल्या सामायिक दस्तऐवजात सगळ्यांना सगळेच दिसते, म्हणजे पहिली तफावत साधनानेच मिटवून टाकली. मग विद्यार्थ्यांनी एकमेकांना विचारावे तरी काय? प्रत्येकाला स्वतंत्र फाइल द्या. एकाकडे गाड्यांचे वेळापत्रक, दुसऱ्याकडे खर्चाची मर्यादा, तिसऱ्याकडे प्रवाशांच्या अडचणी असाव्यात, आणि जोडणारा दुवा फक्त आवाजाचा किंवा चॅटचा असावा. सामायिक दस्तऐवज निर्णय झाल्यानंतरच उघडावा.

उत्तर – संवादवर्ग
वरील मताशी सहमत आहे. टप्प्यांविषयी थोडे लिहितो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक जेन विलिस यांनी 1996 मध्ये मांडलेल्या कार्याधारित तासिकेच्या आराखड्यात पूर्वतयारी, कार्यचक्र आणि भाषेकडे लक्ष असे तीन भाग आहेत, आणि कार्यचक्रात प्रत्यक्ष कार्यानंतर नियोजन व निवेदन (गटाने काय केले ते वर्गाला सांगणे) येते. सामायिक दस्तऐवजाची खरी जागा नियोजनात आहे, कारण तेथे गट आपले निवेदन शब्दशः घडवतो, खोडतो आणि पुन्हा लिहितो.

प्रत्यक्ष कार्यासाठी चॅट घ्यावे की आवाज, हा निर्णय मात्र विचारपूर्वक करावा. चॅटमध्ये विचार करायला वेळ मिळतो आणि मजकूर पडद्यावर राहत असल्याने स्वतःचे वाक्य पुन्हा पाहता येते. मितभाषी विद्यार्थ्यांना याचा विशेष आधार वाटतो. परंतु गट मोठा झाला, की एका प्रश्नाचे उत्तर उमटण्याआधी दुसराच विषय सुरू होतो आणि न समजलेली गोष्ट विचारायची राहून जाते. म्हणून चॅटसाठी जोड्या बऱ्या. उच्चार, मध्येच बोलणे, दुसऱ्याचे बोलणे सांभाळून घेणे हे आवाजाशिवाय येत नाही.

याच क्षेत्रातील संशोधक पीटर स्केहान यांच्या मांडणीनुसार अवधान मर्यादित असल्यामुळे ओघ, अचूकता आणि रचनेची गुंतागुंत यांत ओढाताण होते. त्यात अनोळखी साधनाची भर पडली, तर भाषेच्या वाट्याला फारच थोडे उरते. नवे साधन प्रथम सोप्या, परिचित कार्यात वापरून घ्यावे.

प्रश्नकर्त्याकडून – भाषाशिक्षक
स्वतंत्र फाइलची सूचना पटली. एक शंका मात्र उरते. चॅटमध्ये काही जण भाषांतराच्या साधनातून आलेली वाक्ये तशीच चिकटवतात. त्यावर बंदी घालावी का?

उत्तर – पाठ्यक्रम
सरसकट बंदी मला योग्य वाटत नाही. कार्याधारित शिक्षणाचे एक प्रमुख अभ्यासक मायकेल लाँग यांचा आग्रह असा होता, की कार्ये विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष गरजांच्या विश्लेषणातून निघावीत. ऑनलाइन अर्ज भरणे किंवा तक्रारीचा ईमेल लिहिणे ही विद्यार्थ्याची खरी गरज असेल, तर तेथे तो भाषांतराचे साधन वापरणारच. मग मिळालेला मजकूर आपल्या हेतूला उतरतो का, हे तपासणे कार्यातच समाविष्ट करावे. ज्या कार्यात तात्काळ समजून घेणे आणि समजावणे हेच साधायचे आहे, ते आवाजावर घ्यावे आणि मधूनच नवी अडचण टाकावी, उदाहरणार्थ ठरलेली गाडी रद्द झाल्याची सूचना. तयार वाक्य तेथे पुरत नाही.

उत्तर – संवादवर्ग
एक भर घालतो. बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास भाषेकडे लक्ष देण्याच्या टप्प्याला उत्तम सामग्री मिळते. प्रत्येकाने स्वतःच्या ध्वनिमुद्रणातील एखाद्या मिनिटाचा भाग लिहून काढावा, जोडीदारासोबत तो सुधारावा आणि त्यानंतरच शिक्षकाने हस्तक्षेप करावा, अशी माझी शिफारस आहे. या कामाला वेळ बराच लागतो, त्यामुळे तो तासिकेच्या आखणीतच राखून ठेवावा; गृहपाठावर सोडल्यास जोडीने करायची सुधारणा बहुधा गळते. मूल्यमापन करताना मात्र आधी फलित पाहावे: ठरवलेला प्रवास वेळेत, खर्चाच्या मर्यादेत आणि सर्व प्रवाशांच्या सोयीने होतो का?